दोन थॉमस आणि एक धोंडो

आमच्या घरातला बेकनचा तवा घरात राहत नसे. तो मागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला असे आणि रोज सकाळी आई गाउनवर कोट चढवून तो आणायला जाई. जन्मात मटणाला हात न लावलेल्या या बाईने सॉमरसेटमधल्या एका खेड्यात बेड अँड ब्रेकफास्ट चालवायला घेतलं होतं आणि तिच्या बेकनचं कौतुक पाहुण्यांच्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं. चव ती अर्थातच बघत नसे. तिचं सगळं कानावर चाले. तव्यातली चुरचुर मंदावली की मान दुसरीकडे वळवून ती पट्टी उलटायची. मग तवा शेडमध्ये, हात साबणाने दोनदा, आणि त्यानंतर आमच्यासाठी पोहे. फोडणीचा वास वर गेला की एखादा धीट पाहुणा जिन्यावरून विचारायचा की हे मेन्यूवर का नाही. 'हे फॅमिलीचं आहे,' आई सांगायची, आणि तरी त्याला बशीभर द्यायची.

घराला सहा खोल्या आणि भरपूर ओल होती. बाबा रोज बसने ब्रिस्टलला, विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात जायचे. त्यांचं नाव धोंडो पाटणकर, पण कारखान्यात सगळे 'डॉन' म्हणत आणि कोणी अर्थ विचारलाच तर बाबा 'स्ट्राँग' असं सांगून मोकळे होत. मी एकुलती एक, मीना. आता साठी ओलांडल्यावर मी हे सगळं सफाईने मराठीत लिहिते आहे म्हणून कोणी फसू नये. हे मराठी मी चाळिशीनंतर जिद्दीने शिकले. लहानपणी माझ्या तोंडी टेबल बाई होतं आणि खुर्ची बुवा, आणि आई कितीही गंभीर प्रसंग असला तरी आधी लिंग दुरुस्त करायची आणि मग उत्तर द्यायची.

उन्हाळ्यात आमच्याकडे अमेरिकन पाहुणे येत. त्यांना आई 'पूर्वजवाले' म्हणायची. ते येत, थडग्यांचे फोटो काढत, चर्चच्या भिंतीला हात लावून डोळे मिटत आणि दुसऱ्या दिवशी बाथ शहराकडे निघून जात. डोरोथी गेल मात्र आठवडाभर राहायला आली. सत्याहत्तर वर्षांची, उंच, पायात पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट, आणि काखेत तिच्या सुटकेसपेक्षा लांब पुठ्ठ्याची नळी. दारात उभी राहून ती म्हणाली, 'मी इथलीच आहे. फक्त साडेतीनशे वर्षं बाहेर होते.' (ती इंग्रजीतच बोलायची, हे सांगायला नको. मला मात्र आता ती मराठीतच ऐकू येते.) आईला तिचं हे वाक्य इतकं आवडलं की तिने तिला पुढची, उन्हाची खोली दिली.

त्या नळीत वंशावळ होती. भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठकोऱ्या गुंडाळीवर पेनाने काढलेली. जेवणाच्या टेबलावर पसरली तर ती तिथे मावेना. टेबलावरून ती पॅसेजमध्ये गेली, कोटांच्या खुंट्यांखालून वळली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर संपली. टेबलाच्या टोकाला थॉमस विकरी होता. तो कुऱ्हाड, बायबल आणि चीजचा एक गड्डा घेऊन जहाजात बसला आणि पलीकडच्या जंगलात ज्यांनी पहिली घरं बांधली त्यांच्यातला एक झाला. त्याला सात मुलं झाली, नातवांनी शेतं वाटून घेतली, पणतू बैलांच्या गाड्या घेऊन पश्चिमेला निघाले. कोटांपाशी एका गाडीचं चाक नदीत मोडलं आणि तिथेच विकरींची एक शाखा राहिली. जिन्यावर डोरोथी, तिची मुलं आणि चार महिन्यांची एक नात. डोरोथी या सगळ्यांबद्दल शेजारच्या घरातल्या माणसांसारखी बोलायची. आई चहाचा ट्रे घेऊन कागदावर पाय न देता ढांगा टाकत जायची आणि वाटेत थांबून वाचायची. अकरा बाळंतपणं निभावलेली मर्सी विकरी तर तिच्या फारच मनात भरली. 'अहो, त्या मर्सीची दोन बाळंतपणं चालत्या गाडीत झाली,' ती संध्याकाळी बाबांना सांगायची, 'आणि तिची मुलगी डेबोरा मिसेस गेलनी दोनदा लिहिलीय. वयस्कर आहेत बिचाऱ्या, मी काही बोलले नाही.'

बाबांनी पहिल्याच संध्याकाळी कागदाशेजारी गुडघ्यांवर बसून विचारलं, 'यांच्या आधी त्या जागी कोण राहत होतं?' डोरोथीने चष्मा काढला. 'लोक होते,' ती म्हणाली. 'माझ्या कागदावर ते नाहीत. त्यांचं काय झालं हे आमच्याकडे कोणी सांगत नाही, मीही विचारलं नाही.' बाबा 'हं' एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यांची मैत्री तिथून सुरू झाली, कारण प्रश्न टाळला असता तर बाबांनी तिला 'मॅडम' म्हणून आठवडा काढला असता.

सगळी अडचण थॉमसच्या वर होती. तिथे तुटक रेषांची एक रिकामी चौकट होती. थॉमस आमच्याच गावचा, असं विकरींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, पण पुरावा नव्हता. दर सप्टेंबरला त्यांचं सगळं गोत आयोवातल्या एका कुरणात जमे आणि दर वर्षी तिचा चुलतभाऊ हॅरोल्ड सगळ्यांसमोर म्हणे की थॉमस कुठला होता कोणाला ठाऊक, डोरोथीच्या कल्पनेतला असेल. तिने तीस वर्षं लिहिलेलं विकरींचं पुस्तक छापायला द्यायचं राहिलं होतं ते एका ओळीसाठी. 'डॉक्टरने एवढा एकच प्रवास दिलाय,' ती आईला म्हणाली. 'पुढच्या वेळी येईन असं म्हणायची सोय नाही.'

माझ्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या आणि मला कोणीतरी हुशार म्हणावं अशी फार इच्छा होती. चर्चची किल्ली मिस्टर पिम या गृहस्थांकडे असे. जुन्या नोंदवह्या ते तिजोरीतून बाहेर काढू देत नसत, पण पूर्वीच्या एका पाद्रीबाबांच्या पत्नीने त्यांच्या टाइप केलेल्या नकला करून ठेवल्या होत्या. बाप्तिस्म्यांची एक जाड वही आणि दफनांची दुसरी. चर्चच्या मागच्या खोलीत रॉकेलचा आणि ओल्या पुस्तकांचा वास यायचा. मंगळवारी दुपारी तिथे मला नाव सापडलं: थॉमस, विल्यम विकरीचा मुलगा. थॉमसने अमेरिकेत कधीतरी कोर्टात सांगितलेल्या वयाशी सालही जुळत होतं. डोरोथी बाकावर बसली, तिने ते पान गालाला लावलं आणि मिस्टर पिम खिडकीबाहेर बघायला लागले. त्या रात्री आईने शिरा केला. जेवणं झाल्यावर डोरोथीने तुटक रेषांवर शाईची ठळक रेघ ओढली आणि आत 'विल्यम' लिहिलं. बाबांनी तिचा हात धरून हलवला, कारखान्यात कोणाला प्रमोशन मिळाल्यावर हलवतात तसा.

बुधवारी मला कोणी काहीच करायला सांगितलं नव्हतं. पण मंगळवारच्या कौतुकाने माझं भागलं नव्हतं. विल्यम कधी वारला हेही शोधून द्यावं म्हणून मी दफनांची वही उघडली. विल्यम सापडायच्या आतच, बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत, मला ओळ दिसली: थॉमस, विल्यम विकरीचा मुलगा, पुरला. मी ती तीनदा वाचली. मग सायकल न घेताच घरी पळत सुटले आणि डोरोथी जॅम लावलेला स्कोन तोंडाशी नेत असताना दारातूनच म्हणाले, 'तो तुमचा थॉमस नाही. आमचा थॉमस दोन वर्षांचाही नसताना मेला.'

आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. डोरोथीने स्कोन खाली ठेवला. 'तू नीट वाचलंस ना, हनी?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग ती पॅसेजमध्ये गेली आणि जिन्यावरून, आपल्या नातीपासून सुरुवात करून, वंशावळ गुंडाळायला लागली. गुडघे दुखत असूनही तिने कोणाची मदत घेतली नाही. 'शुक्रवारचं विमान मिळतंय का बघते,' ती आईला म्हणाली. 'हॅरोल्डला फार आनंद होईल.' वर तिच्या खोलीचं दार लागलं.

'आई, डोरोथी आजी रडते आहे,' मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं. 'माझा चूक आहे.'

'माझी चूक,' आई कणीक मळता मळता म्हणाली. 'आणि चूक नाही तुझी. सांगायची घाई तुझी.'

खरं तर चूक होतीच, पण ती कुठे होती हे आम्हा दोघींनाही तेव्हा कळलं नव्हतं. इंग्लंडातल्या कुठल्याही मुलीला कदाचित एखादी शंका आली असती. मला येण्यासारखी नव्हती, कारण मी धोंडोंची मुलगी होते.

बाबा सहाला आले, बूट काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं आणि वर जाऊन दारावर टकटक केली. काय बोलले कोण जाणे, पण डोरोथी जेवायला खाली आली. वरण-भात, लिंबाची फोड, तूप. ती चमचा नुसता फिरवत होती. बाबांना कोणाचं सांत्वन करता येत नसे. ते नेहमी काहीतरी माहिती देत. त्या दिवशी त्यांनी जी दिली ती मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. आईने मला एकदा हळूच सांगितली होती, तेवढीच.

'माझं नाव, मिसेस गेल, स्ट्राँग नाही. मी लोकांना खोटं सांगतो. धोंडा म्हणजे स्टोन. रस्त्यावरचा, साधा. माझ्या आधी दोन भाऊ होऊन गेले. दोघेही लहानपणीच. आमच्याकडे अशी मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम असलं नाव ठेवतात. दगडू. धोंडू. केरू, म्हणजे केर. इतकं टाकाऊ की मृत्यूने बघून पुढे जावं.' ते थांबले. 'त्यामुळे तो छोटा थॉमस... तो विल्यम, बाप म्हणून... आय अंडरस्टँड, एवढंच मला सांगायचं होतं.'

डोरोथीने पहिल्यांदाच वर बघितलं. 'मग तुमच्या भावांचं नाव तुम्हाला ठेवलं असतं तर?'

'छे!' बाबा दचकून म्हणाले. 'गेलेल्या मुलाचं नाव? आमच्या गावात असं कोणी केलं नसतं.'

आई वाढायचा डाव हातात धरून उभी होती. तिचं इंग्रजी बाबांच्या मानाने तोकडं होतं, पण तिने सगळं बारकाईने ऐकलं होतं. 'मिसेस गेल,' ती म्हणाली, 'दॅट मर्सी. तिच्या दोन डेबोरा आहेत ना, पॅसेजमध्ये? मी समजत होते तुम्ही मिस्टेक केली.'

'नाही, मिस्टेक नाही,' डोरोथी थकल्या आवाजात म्हणाली. 'पहिली महिन्याची असताना गेली. म्हणून पुढची झाली तिला तेच...'

चमचा हवेतच राहिला. कुकरची शिट्टी झाली आणि कोणी हललं नाही.

'मिसेस पी.,' डोरोथी म्हणाली, 'मी गाढव आहे. तीस वर्षं हे करतेय. सगळ्या शाखांमध्ये हे आहे. दोन डेबोरा, तीन सॅम्युअल. माझ्याच थॉमसच्या वेळी मला आठवू नये?' आणि ती हसायला लागली, तशीच भात खायला लागली, आणि मग थोडी रडली, आणि आईने तिला न विचारता आणखी तूप वाढलं.

गुरुवारी आईने दारावर 'बॅक सून' अशी पाटी लावली आणि बाबांनी, त्यांच्या नोकरीत प्रथमच, अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बाप्तिस्म्यांच्या वहीत मला लांब शोधावं लागलं नाही. मंगळवारी मी जिथे आनंदाने वही मिटली होती त्याच्या दोनच पानं पुढे ओळ होती: थॉमस, विल्यम विकरीचा मुलगा. दुसरा थॉमस. कोर्टात सांगितलेल्या वयाशी तीन वर्षांचा फरक पडत होता, पण तिथे 'सुमारे' लिहिलेलं होतं आणि मिस्टर पिम म्हणाले की त्या काळी सुमारे म्हणजे फारच सुमारे. तरी डोरोथीने शाईचं पेन काढलं नाही. 'हाही मेला नाही ना, ते बघू,' ती म्हणाली.

मग सुरू झालं ते वाचन मी कधी विसरणार नाही. दफनांची वही. काहीतरी सापडावं म्हणून लोक वाचतात. आम्ही सापडू नये म्हणून वाचत होतो. पाळीपाळीने एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मुलं, विधवा, एक परका वाटसरू, पुन्हा मुलं, एका हिवाळ्यात तर पानभर मुलं. बाबा वाचत होते तेव्हा 'थॉमस' म्हणून अडखळले. आईने माझं मनगट धरलं. 'वीव्हर,' बाबा म्हणाले. 'थॉमस वीव्हर. म्हातारा.' सगळ्यांनी श्वास सोडला आणि लगेच त्या म्हाताऱ्याबद्दल आम्हाला थोडी लाज वाटली. दुपारी आईने डब्यातली थालीपीठं काढली, मिस्टर पिमनी दोन खाल्ली आणि तिखट आहे असं डोळ्यांनी सांगितलं, तोंडाने नाही. चारच्या सुमाराला आम्ही चाळीस वर्षं ओलांडून गेलो. विल्यम पुरला गेला, त्याची बायको पुरली गेली. थॉमस नाही.

मिस्टर पिमनी वही मिटली. 'इथे तो मेलेला नाही,' ते म्हणाले. 'म्हणजे निघून गेला असणार.'

हॅरोल्डला हे पटणार नाही, हे डोरोथीलाही ठाऊक होतं. कुठेतरी एखादा तिसरा थॉमस निघेल, असा तो हट्ट धरणारच. पण ती म्हणाली की तिचं समाधान झालं आणि पुस्तकावर नाव तिचं आहे. संध्याकाळी तिने वंशावळ पुन्हा पसरली. जहाजातल्या थॉमसच्या शेजारी आणखी एक लहानशी चौकट आखली आणि त्यात बारीक अक्षरात पहिला थॉमस लिहिला. 'काल मी याच्यावर चिडले होते,' ती म्हणाली. 'पोराने काय केलं होतं माझं?' मग पेन तसंच धरून तिने बाबांकडे वळून विचारलं, 'तुमच्या भावांची नावं काय होती?'

बाबांना ठाऊक नव्हतं. घरात ती नावं कोणी उच्चारत नसे, आणि पन्नाशीचा हा माणूस, ज्याला विमानाच्या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट नावाने माहीत होता, त्याने कधी विचारलंच नव्हतं. माझे बाबा त्या क्षणी मला फार लहान दिसले.

डोरोथी ठरल्या दिवशी गेली. त्याच रात्री बाबांनी वाईला त्यांच्या मोठ्या बहिणीला, आक्कांना, पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं. बाबांनी ते दारातच, बसचा पास तोंडात धरून वाचलं. आक्कांनी लिहिलं होतं: थोरला गोविंद, केस कुरळे, कोणाकडेही जायचा. धाकटा माधव, माती खायचा, आणि कावळा दिसला की हसायचा. तू विचारशील असं वाटलं नव्हतं. बरं केलंस. बाबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. 'म्हणजे मी तिसरा,' ते म्हणाले. त्या दिवशी त्यांची बस चुकली. डोरोथीला त्यांनी ती दोन नावं पोस्टकार्डावर कळवली, इंग्रजीत आणि खाली देवनागरीत.

पुढच्या उन्हाळ्यात पुस्तक आलं. त्यात दोन्ही थॉमस होते, आणि पहिल्याच पानावर, विकरींच्या आधी त्या जमिनीवर राहणाऱ्यांबद्दल, डोरोथीने शोधून काढलेलं आणि तिला न सापडलेलंही लिहिलं होतं. आमच्याबद्दल शेवटी एकच ओळ होती: मिसेस पी. यांचे आभार, दोन डेबोरांबद्दल आणि बेकनबद्दल. आईने ती ओळ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, कित्येक वर्षं. डोरोथीला पुन्हा प्रवास जमला नाही.

आता आई-बाबाही नाहीत, बेड अँड ब्रेकफास्टही नाही, पण घर आहे आणि ओलही आहे. गेल्या महिन्यात दाराशी एक उंच बाई उभी राहिली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरची ती चार महिन्यांची नात. तिचंही नाव डोरोथी. तिच्याकडे नळी नव्हती, फोन होता. आजीची सगळी गुंडाळी तिने त्यात उतरवून घेतली आहे आणि आता जगभरचे विकरी त्यात आपापली माणसं भरतात. 'एक विचारायचं होतं,' ती म्हणाली. 'आजीने मूळ कागदावर, पहिल्या थॉमसच्या बाजूला, दोन नावं जोडली आहेत. शेजारी लिहिलंय: यांना कोणी काढू नये. पण ते आमचे कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.' तिने बोटांनी चित्र मोठं केलं. थोरल्या डोरोथीचं तिरकं अक्षर, आणि त्याखाली तिने पोस्टकार्डावरून एकेक रेघ बघून गिरवलेलं देवनागरी. गोविंद. माधव. काना जरा वाकडा.

केंब्रिजहून माझा मुलगा शनिवार-रविवारसाठी आला होता आणि आत भांडी आवरत होता. बाबांच्या मांडीवर खेळलेला, त्यांनी आयुष्याची शेवटची बारा वर्षं दिवसातून दहादा हाका मारलेला.

'बस ना,' मी तिला म्हटलं, आणि आत वळून हाक मारली, 'माधव, तीन कप चहा टाक रे.'

तिने फोनवरून मान वर केली.